निखळलेला खांदा आणि गोठलेला खांदा

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, गोदावरीच्या काठी शहागड आहे. धुळे–सोलापूर हमरस्ता इथे नदी ओलांडतो आणि पुलापलीकडे बीड जिल्हा लागतो. या टापूत कुणाचा खांदा धरला, की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. कुणी तेल लावून चोळून घ्यायला सांगतो, कुणी अमुक गावच्या हाडवैद्याचे नाव घेतो, कुणी तालमीतल्या वस्तादाकडे धाडतो. अलीकडे त्यात एका परदेशी नावाची भर पडली आहे. मोबाइलच्या पडद्यावर कुणाच्या तरी मानेला किंवा पाठीला झटका दिला जातो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि रोगी हसत उठतो. ही कायरोप्रॅक्टिक पद्धत. शहरांत तिचे दवाखाने निघाले आहेत आणि ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे गोठलेला खांदा तिथे बरा होतो, असे सांगितले जाते.

हाडवैद्य आणि कायरोप्रॅक्टर यांच्यात भाषेचे, पोशाखाचे आणि शुल्काचे अंतर मोठे आहे. कल्पना मात्र दोघांची मुळात एकच: काहीतरी जागचे हलले आहे, ते जागेवर बसवले की दुखणे जाईल. ही कल्पना कुठून आली, कुठे खरी ठरते आणि गोठलेल्या खांद्यापाशी येऊन ती का अडते, हे आपण पाहू.

आधी खांद्याची रचना. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते खांद्याच्या फऱ्यावरील एका उथळ खोबणीला टेकलेले असते. उखळात मुसळ बसावे तसा मांडीचा सांधा खोल बसलेला असतो. खांदा म्हणजे बशीवर टेकवलेला चेंडू. या उथळपणामुळेच हात चहूकडे फिरतो आणि त्यामुळेच शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो. चेंडू बशीवर टिकवून धरण्याचे काम भोवतालचे स्नायू आणि एक पातळ, सैल, पिशवीसारखे आवरण करते. या आवरणाला संधिकोश म्हणतात. हात खाली असताना त्याच्या खालच्या भागाला चुण्या पडलेल्या असतात. हात वर नेला की चुण्या उलगडतात. लेखाचा पुढचा बराचसा भाग या चुण्यांविषयी आहे.

खांदा निखळला, की चेंडू खरोखरच बशीवरून घसरतो. वेदना असह्य होते, खांद्याची गोलाई जाऊन तिथे खळगा पडतो. जाणत्या हाताने योग्य दिशेने ताण दिला की चेंडू परत बसतो आणि कळ बघता बघता ओसरते. कुस्तीच्या आखाड्यात, बैलगाडी उलटल्यावर, रणांगणावर हे ज्ञान लाखमोलाचे होते. शहागडापासून फार दूर नसलेल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. अशा लढायांच्या काळात सांधा बसवणाऱ्या माणसाला फौजेबरोबर आणि गावातही मान असावा, यात नवल नाही. वैद्यकातल्या फार थोड्या उपचारांचे फळ इतके तत्काळ आणि इतके उघड दिसते.

ही विद्या किती जुनी आहे हे सुश्रुतसंहितेवरून कळते. तिच्यात भग्नांचा, म्हणजे मोडलेल्या हाडांचा आणि सुटलेल्या सांध्यांचा, स्वतंत्र विचार आहे. सुटलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत, हाड मोडण्याचे बारा. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून वर उचलावे, सांधा बसला की विशिष्ट पद्धतीने बांधावा, असा उपचार आहे. ग्रीसमधल्या हिपॉक्रेटिसच्या परंपरेत रोग्याच्या काखेत वैद्याने टाच रोवून हात ओढायची रीत होती. मुसळ काय आणि टाच काय, तत्त्व तरफेचेच. नववीच्या विज्ञानाच्या तासाला टेकू, बल आणि भार यांचे हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पण सुश्रुतसंहितेतली आम्हाला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. खांद्याच्या आणखी एका दुखण्याचे वर्णन तिथे येते. त्याचे नाव अवबाहुक. खांद्याच्या ठिकाणचा वायू तिथले बंध सुकवतो, शिरा आखडतात आणि हात जखडतो, असा त्याचा आशय. हे वर्णन भग्नांच्या अध्यायात नाही. ते निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, वातव्याधींमध्ये आहे. कारणमीमांसा त्या काळची आहे आणि आज ती जशीच्या तशी घेता येणार नाही. निरीक्षण मात्र पक्के आहे: या खांद्यात काही निखळलेले नाही, काहीतरी आटले आहे, आखडले आहे. पुढे वाग्भटाने अवबाहुकावर नस्य आणि जेवणानंतर स्नेहपान सांगितले. मुसळ सांगितले नाही. निखळलेला खांदा आणि आखडलेला खांदा यांची वेगवेगळ्या अध्यायांत केलेली ही वाटणी नंतरच्या लोकव्यवहारात पुसट झाली. ज्याला निखळलेला बसवता येतो त्याच्याकडेच लोक आखडलेलाही घेऊन जाऊ लागले. ते स्वाभाविकही होते.

युरोपातही असेच घडले. इंग्लंडमध्ये हाडवैद्यांची घराणी होती आणि डॉक्टर मंडळी त्यांना तुच्छ लेखत. १८६७ मध्ये लंडनचे नामवंत शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी हाडवैद्यांकडून बऱ्या होणाऱ्या रोग्यांवर एक व्याख्यान दिले. त्यांचे म्हणणे असे, की सगळे हसण्यावारी नेऊ नका. मुरगळल्यानंतर फार काळ बांधून ठेवल्याने ताठलेले काही सांधे हे लोक झटक्याने मोकळे करतात, ते आपण शिकून घेतले पाहिजे आणि ज्याने अपाय होतो ते टाळले पाहिजे. परपंथीयाच्या कामाकडे इतक्या शांतपणे पाहणारी भाषणे वैद्यकाच्या इतिहासात विरळा आहेत.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म यानंतर अठ्ठावीस वर्षांनी अमेरिकेत झाला. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी त्याच इमारतीतल्या हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा एक मणका दाबून बसवला आणि त्याचे गेलेले ऐकू परत आले, अशी या पंथाची मूळकथा आहे. हाताने केलेले काम या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून नाव पडले. १८९७ मध्ये पामरांनी शाळा काढली. शंभरातले ९५ रोग मणके जागचे सरकल्याने होतात, हा त्यांचा दावा होता. ऐकण्याची मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जातच नाही, ती कानातून थेट मेंदूत जाते. त्यामुळे मूळकथेपाशीच शरीररचनाशास्त्राला अडखळायला होते.

योगायोग असा, की या घटनेला दोन महिने होण्याच्या आत, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. सरकलेला मणका खरोखर सरकलेला आहे का, हे पाहण्याची सोय जणू त्याच हंगामात झाली. १९१० मध्ये पामरांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी आपल्या शाळेत क्ष-किरण यंत्र आणलेही. पण पामरांना अभिप्रेत असलेले ‘सरकणे’ आणि रोग यांचा संबंध काही सिद्ध झाला नाही. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या अधिकृत नियामक मंडळानेच जाहीर केले, की मणका सरकून रोग होतात ही कल्पना ऐतिहासिक स्वरूपाची आहे, तिला संशोधनाचा आधार नाही.

म्हणून सारे कायरोप्रॅक्टर भोंदू ठरत नाहीत. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेने त्यांच्यावर घातलेला बहिष्कार बेकायदेशीर होता, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. कंबरदुखीत त्यांच्या उपचाराचा थोडाफार उपयोग होतो, असे पुरावेही आहेत. आजचे पुष्कळ कायरोप्रॅक्टर खांद्यासाठी सांध्याची हळूवार हालचाल, फऱ्याच्या स्नायूंवर काम आणि व्यायाम हेच करतात. भौतिकोपचार करणाऱ्यांच्या कामाशी ते बरेच मिळतेजुळते आहे. प्रश्न गोठलेल्या खांद्यापुरता आहे आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्याला पंथांची भांडणे सोडून त्या चुण्यांच्या पिशवीकडे परतावे लागेल.

१८७२ मध्ये पॅरिसचे शल्यविशारद सिमॉन द्युप्ले यांनी या दुखण्याचे आधुनिक वैद्यकातले पहिले नीट वर्णन केले. दोष सांध्याच्या हाडांत नाही, भोवतालच्या मऊ भागांत आहे, असे त्यांनी मांडले. १९३४ मध्ये बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ केले. नाव देतानाच त्यांनी मोकळेपणाने म्हटले, की या विकाराची व्याख्या करणे, तो बरा करणे आणि त्याचे कारण सांगणे, तिन्ही अवघड आहे. १९४५ मध्ये ज्यूलियस नेव्हियासर यांनी दहा रोग्यांचे खांदे तपासून संधिकोश जाड झालेला, आकसलेला आढळतो असे दाखवले. १९९५ मध्ये बंकर आणि अँथनी या ब्रिटिश संशोधकांना त्या आकसलेल्या भागात तंतू बनवणाऱ्या पेशींची गर्दी दिसली. काही लोकांची बोटे तळहाताकडे कायमची वळतात, त्या विकारातल्या पेशींसारखी. निरोगी खांद्याच्या कोशात पंधरा-वीस मिलीलिटर द्रव सहज मावतो. गोठलेल्या खांद्यात अनेकदा दहाही मावत नाही. चुण्याच उरलेल्या नसतात. उलगडायला कापडच शिल्लक नाही, तर हात वर जाणार कसा?

म्हणजे बसवायला काही सरकलेलेच नसते. चेंडू बशीवर असतो, क्ष-किरणचित्र बहुधा स्वच्छ येते. जोर लावून हात वर ओढला तर एक तर आधीच सुजलेला कोश आणखी चिडतो, नाही तर तो फाटतो. वय झालेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईच्या दंडाचे हाडच मोडण्याचा धोका असतो.

दुखण्याची चाल सावकाश असते. पहिले काही महिने वेदनेचे: रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग वेदना ओसरते, पण खांदा जखडलेला राहतो. बाईला वेणी घालता येत नाही, पाठीमागे गाठ मारता येत नाही, फडताळावरचा डबा निघत नाही. मास्तरांचा हात फळ्याच्या मधल्या रेघेवर जात नाही, एस.टी.त वरची दांडी धरता येत नाही. त्यानंतर खांदा हळूहळू सुटू लागतो. सगळे मिळून एक ते तीन वर्षे. पूर्वी सांगत, की तो आपोआप संपूर्ण बरा होतो. ते तितकेसे खरे नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत ६२ रोग्यांना सरासरी सात वर्षांनी तपासले, तेव्हा निम्म्यांना थोडी वेदना किंवा ताठरपणा शिल्लक होता. पण बहुतेकांचे कामकाज सुरळीत चालू होते.

या चालीतच उपचारांच्या कीर्तीचे गुपित आहे. समजा, शहागडच्या एका बाईंचा खांदा जानेवारीत धरला. मार्चपर्यंत तेल झाले, जूनपर्यंत गोळ्या झाल्या, दिवाळीनंतर त्या हाडवैद्याकडे गेल्या, पुढच्या उन्हाळ्यात मुलाने पुण्याला नेऊन कायरोप्रॅक्टरला दाखवले आणि पावसाळ्यात हात वर जाऊ लागला. श्रेय कुणाला? ज्याने शेवटी हात लावला त्याला. तो दिवाळीत भेटला असता तर त्याचे नाव बदनाम झाले असते आणि हाडवैद्य उन्हाळ्यात भेटला असता तर त्याच्या दारात रांग लागली असती. शिवाय माणूस वैद्य बदलतो तो बहुधा दुखणे शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार असतोच.

हे कोडे सोडवायचे कसे, याचा मार्ग खांद्याला ‘गोठलेला’ म्हणणाऱ्या कॉडमन यांनीच दाखवला होता, आणि तोही खांद्याच्या ग्रंथाच्या वीस वर्षे आधी. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये असताना त्यांनी आग्रह धरला, की प्रत्येक रोग्याची नोंद ठेवा, वर्षभराने त्याला पुन्हा बोलवा, उपचार लागू पडला का ते पाहा, आणि पडला नसेल तर का नाही ते लिहा. ऐकायला साधी गोष्ट. पण ज्येष्ठ शल्यविशारदांना आपल्या अपयशाचा हिशोब कुणी मांडावा हे रुचले नाही. कॉडमन यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. त्याआधीच त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले होते आणि तिथल्या चुका ते स्वतः छापून प्रसिद्ध करत.

वर्षभराने पाहण्याला तुलनेच्या गटाची जोड मिळाली, की चित्र स्पष्ट होऊ लागते. कायरोप्रॅक्टिकच्या बाजूने गोठलेल्या खांद्यावर जे प्रसिद्ध झाले आहे ते मुख्यतः रोग्यांच्या हकिकती आहेत. २०१२ मधल्या एका अहवालात पन्नास रोग्यांची माहिती आहे आणि त्यांतले बहुतेक चांगलेच सुधारले. मात्र ज्यांना हा उपचार दिला नाही असा दुसरा गट त्यात नाही. तेव्हा त्यातून आशा बाळगता येईल, निष्कर्ष काढता येणार नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समधला एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७७ रोग्यांपैकी काहींचा खांदा वेदना सोसून जोराने ताणला. उरलेल्यांना दुखणे समजावून सांगितले, वेदनेच्या आत राहून हलके व्यायाम दिले. दोन वर्षांनी हळूवार गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता. ताणलेल्या गटात ६३ टक्क्यांचा. २०१४ मध्ये ३२ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन हस्तोपचार-व्यायामापेक्षा सरस ठरू शकते असे दिसले. आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रोग्यांवरच्या चाचणीचे निकाल आले. भूल देऊन खांदा फिरवणे, दुर्बिणीतून कोश सोडवण्याची शस्त्रक्रिया, आणि इंजेक्शनसह भौतिकोपचार, असे तीन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. वर्षभराने तिन्ही गट पुष्कळ सुधारले होते आणि व्यवहारात फरक पडावा इतका कुणीच सरस नव्हता. गंभीर गुंतागुंती मात्र शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होत्या.

आपल्याकडे भौतिकोपचाराचे शिक्षण पोलिओच्या साथीमुळे सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हे काम उभे राहिले आणि १९५५ मध्ये हाजी अलीची पुनर्वसन संस्था निघाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. शहागडच्या माणसाला त्याआधी हाडवैद्याखेरीज जवळचे दार कोणते होते? म्हणून त्याला मागास म्हणून हसण्यात अर्थ नाही.

आजची चिंता वेगळी आहे. मधुमेह असलेल्यांत गोठलेला खांदा इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतो, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांना त्याचा पत्ता नसतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचा खांदा मार लागलेला नसता धरला, तर ती साखरेच्या दुखण्याची पहिली खूण असू शकते. खांदा चोळणाऱ्याकडे किंवा झटका देणाऱ्याकडे वर्ष गेले, की तेवढे वर्ष साखर तशीच वाढत राहते. इंजेक्शन घ्यायचे तरी आधी साखर ठाऊक हवी, कारण त्याने ती काही दिवस चढते. आपल्या देशात दुसरी एक शंका मनात ठेवावी लागते ती खांद्याच्या क्षयाची. त्याचा एक कोरडा प्रकार हुबेहूब गोठलेल्या खांद्यासारखा वागतो. तिथे मालिश उपयोगाची नाही, क्षयाची औषधे लागतात. छातीतून डाव्या खांद्यात आलेली कळ तर हृदयाची असू शकते. रक्तातली साखर आणि एक क्ष-किरणचित्र, एवढ्या दोन तपासण्या कुणीही हात लावण्याआधी झाल्या तर पुष्कळ अनर्थ टळतील.

स्नायू फाटलेला खांदा गोठलेल्यापासून ओळखण्याची एक साधी रीत डॉक्टर वापरतात. कोपर कुशीला चिकटवून काटकोनात वाकवायचे आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. स्नायूच दुबळा असेल तर स्वतःला फिरवता येत नाही, पण दुसऱ्याने हळूच फिरवला तर फिरतो. गोठलेल्या खांद्यात तो दुसऱ्यालाही फिरवता येत नाही, कारण कोशच आकसलेला असतो. वर्गात हे प्रात्यक्षिक निरोगी खांद्यांवर करून दाखवता येईल. दुखऱ्या खांद्यावर जोर करू नये आणि निदान डॉक्टरांवर सोपवावे.

डॉक्टरांनी गोठलेला खांदा असे निदान केले, की घरी करायचा एक व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. चांगल्या हाताने टेबल धरून पुढे वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने त्याला लंबकासारखा हलू द्यायचा. स्नायू ओढत नाहीत, वजन फक्त लोंबते. दुसरा व्यायाम भिंतीचा: भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढायचे, वेदना सुरू झाली की थांबायचे. ज्यांच्या घरी असा खांदा आहे त्यांनी, बोटे जिथे थांबली तिथे खडूने रेघ मारून तारीख लिहावी. दर रविवारी एक रेघ. नवा उपचार सुरू झाला की त्या आठवड्याच्या रेघेशेजारी फुली करावी. सहा महिन्यांनी या उंच्या आलेख-कागदावर मांडल्या, तर रेघ फुलीच्या आधीच चढू लागली होती की नंतर, हे आठवीतल्या मुलालाही दिसेल. दुसऱ्या घरातल्या, काहीच उपचार न घेतलेल्या खांद्याचा आलेख शेजारी ठेवता आला तर अधिक चांगले.